गिटारीची पारख : दिसायला सारख्या, वाजायला निराळ्या

गिटार हे वाद्य आता आपल्याकडे कुणाला परके वाटत नाही. गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य वाद्ये रुळवली आणि गिटारीचा झंकार रेडिओवाटे खेड्यापाड्यांत पोचला. आज ती शाळेच्या स्नेहसंमेलनात दिसते, जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात दिसते, नाताळच्या प्रार्थनेत दिसते. मग एखादा पालक शाळेत येऊन मास्तरांना विचारतो, "गुरुजी, पोरगं इलेक्ट्रिक गिटार मागतंय. शहरातल्या दुकानात तीन दाखवल्या. तिन्ही एका साच्यातल्या. पण एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट! कोणती घ्यावी?"

प्रश्न साधा आहे, पण त्यात घामाचा पैसा गुंतलेला आहे. दूध घालून, कांदा विकून किंवा पगारातून महिन्याला थोडे बाजूला टाकून जमवलेली ही रक्कम असते. ती नुसत्या रंगावर आणि नावावर खर्च होऊ नये, एवढ्यासाठी आज आपण गिटारीच्या एका विशिष्ट जातीची माहिती करून घेऊ. या जातीला 'सेमी-हॉलो' म्हणजे अर्धपोकळ गिटार म्हणतात. वरच्या बाजूला दोन गोलसर खांदे, मधल्या अंगावर व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार फटी, आणि बहुधा लाल किंवा कडेला काळपट व मध्ये पिवळसर असा रंग. एवढी खूण लक्षात ठेवली की ही गिटार ओळखू येते. पण तेवढ्याच खुणेने माणूस फसतोही. कारण याच रूपाच्या काही गिटारी आतून पूर्ण पोकळ असतात, काही अर्ध्या भरीव असतात, आणि दोघींचा स्वभाव अगदी निराळा असतो.

हा फरक कळायला आधी पोकळीचे काम कळले पाहिजे. आपली एकतारी घ्या. भोपळा काढून नुसत्या काठीला तार ताणली, तर ती वाजेल खरी, पण हातभर अंतरावरच्या माणसालाही धड ऐकू येणार नाही. तारेचे अंग बारीक, ती हवा कितीशी हलवणार? भोपळा जोडला की तारेचे कंपन त्याच्या पोटाला मिळते, पोट आतली-बाहेरची हवा हलवते आणि नाद मोठा होतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांचे कारागीर भोपळा निवडताना त्याचा घेर, सालीची जाडी, वाळवणूक इतके निरखून पाहतात, ते याचसाठी.

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. खडूची रिकामी पेटी घ्या, तिच्या उघड्या तोंडावर रबर ताणून बसवा आणि छेडा. मग पेटीत वाळू ठासून भरा आणि तेच रबर पुन्हा छेडा. पहिल्याने आवाज घुमेल, दुसऱ्याने तो दबेल. पेटी तीच, रबर तेच. बदल झाला तो पोटात. आजच्या विषयाचे सार मुलांच्या ध्यानात यायला एवढे पुरे आहे.

आता पोकळीचा दुसरा गुणधर्म. तारेजवळ आपण बोटाने दिलेली शक्ती ठरावीक असते. पोकळ वाद्य ती शक्ती झपाट्याने हवेत उधळते. म्हणून आवाज मोठा येतो, पण लवकर विरतो. भरीव लाकडावर तार ताणली तर आवाज बारीक येतो, पण तार पुष्कळ वेळ हलत राहते. एकाच दिवशी सारा पगार खर्च करणारा आणि महिनाभर पुरवून खाणारा, असा हा फरक आहे. वादकाला मात्र दोन्ही हवे असते. गोडवा पोकळीचा आणि लांबी भरीवपणाची!

गेल्या शतकात अमेरिकेतल्या नृत्यवृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ढोल यांच्या गदारोळात साधी गिटार बुडून जाई. श्रोत्याला वादकाची बोटे दिसत, सूर ऐकू येत नसत. म्हणून गिटारीला विजेची जोड देण्याचे प्रयत्न सुरू झाले. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी गिब्सन नावाची जुनी वाद्यकंपनी होती. तिने १९३६ साली 'ईएस-१५०' ही गिटार काढली. 'ईएस' म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने १९३९ साली बेनी गुडमनच्या वृंदात ती वाजवली आणि गिटार एकदम पुढच्या रांगेत आली. हा गुणी वादक १९४२ साली अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला. पण त्याने दाखवलेली वाट पुढे रुंदच होत गेली.

विजेची जोड म्हणजे काय? तारांखाली एक चपटी डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. अ‍ॅम्प्लिफायर तो प्रवाह वाढवतो आणि कर्णा त्याचा पुन्हा आवाज करतो. म्हणून या गिटारीला पोलादाची तार लागते. नायलॉनची तार लावली तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही!

इथवर ठीक. पण पोकळ गिटारीला वीज जोडली आणि एक उपद्रव सुरू झाला. तो तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. मांडवात मायक्रोफोन कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते ना, तोच हा प्रकार. कर्ण्यातून निघालेला आवाज गिटारीच्या पोकळ पोटावर आदळतो, पोट हलते, त्यासरशी तारा हलतात, पिकअप तो आवाज पुन्हा उचलतो, कर्णा तो आणखी वाढवतो, आणि हे चक्र थांबत नाही. इंग्रजीत याला फीडबॅक म्हणतात. पोट जितके पोकळ, तितका हा धोका अधिक.

मग पोकळीच काढून टाकली तर? लेस पॉल नावाच्या हिकमती वादकाने १९४० च्या सुमारास हेच केले. न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून त्याने चार इंच रुंद व चार इंच जाड असा लाकडाचा चौकोनी ओंडका घेतला, त्याला दांडी जोडली, पिकअप बसवला आणि तारा चढवल्या. या वाद्याला तो 'लॉग' म्हणजे ओंडकाच म्हणे. पुढे तो एक गंमत सांगत असे. नुसता ओंडका घेऊन तो वाजवायला बसला तेव्हा लोकांनी दाद दिली नाही. मग त्याने एका जुन्या गिटारीचे अंग मधोमध कापून दोन बाजूंना दोन पंखांसारखे चिकटवले. सूर तोच, वाजवणारा तोच. पण आता ते गिटारीसारखे दिसत होते, आणि लोकांनी टाळ्या दिल्या! तो म्हणे, लोक डोळ्यांनी ऐकतात.

श्रोतेहो, हे वाक्य दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी मनात पक्के करावे. आपणही डोळ्यांनी ऐकतो. लखलखते लाल अंग पाहिले, सोनेरी खुंट्या पाहिल्या, की कान आपोआप खुशामत करू लागतात.

असो. पुढे १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीने पूर्ण भरीव गिटार बाजारात आणली आणि १९५२ साली गिब्सननेही लेस पॉलच्याच नावाने आपली भरीव गिटार काढली. शिट्टी थांबली, सूर लांबला. पण जुन्या वादकांना पोकळ गिटारीचा ऊबदार, मोकळा श्वास आठवू लागला. गिब्सनचे त्या वेळचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी १९५८ साली यातून मध्यममार्ग काढला. त्याचे नाव 'ईएस-३३५'. अंग पसरट, सुमारे सोळा इंच रुंद, पण जाडीला दोन इंचांहूनही कमी. पोटाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत मेपल लाकडाचा भरीव ठोकळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे. लेस पॉलच्या ओंडक्याला पंख बाहेरून चिकटवले होते. इथे ओंडका पोटातच लपला. पिकअप आणि घोडी ठोकळ्यावर बसल्यामुळे शिट्टी पुष्कळ आवरली, सूर लांबला. बाजूच्या पोकळीमुळे आवाजात थोडी हवाही खेळू लागली.

याच गिटारीवर दुहेरी वेढ्यांचे पिकअप होते. एकेरी वेढ्याच्या पिकअपला एक खोड असते. भोवतालच्या वीजजोडणीतली गुणगुण तो उचलतो. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, ती घुमघुम रेडिओतही आपण कधी कधी ऐकतो. गिब्सनमधले तंत्रज्ञ सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन वेढे असे उलटसुलट जोडले की बाहेरची गुणगुण एकमेकींना मारून टाकते आणि तारेचा सूर मात्र दुणावतो. या पिकअपला 'हमबकर' म्हणजे गुणगुण थोपवणारा असे नाव पडले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १९५८ नंतर या ३३५ च्या बहिणी जन्मल्या. त्याच वर्षी अधिक नटलेली ३५५ आली. १९५९ साली आवाजाचे रंग बदलणारी जादा कळ असलेली ३४५ आली. या दोघींच्या पोटात ठोकळा होताच. पण १९५९ सालीच ३३० नावाची आणखी एक आली. लांबून पाहिली तर ३३५ ची जुळी बहीण. पोटात मात्र ठोकळा नाही, पूर्ण पोकळ! पिकअपही एकेरी वेढ्याचे. एपिफोन कंपनी १९५७ सालीच गिब्सनच्या मालकांनी विकत घेतली होती. त्या नावाखाली १९६१ साली 'कॅसिनो' निघाली, तीही ३३० सारखीच पूर्ण पोकळ. गल्लत होते ती इथे. दुकानदारसुद्धा कधी कधी या सगळ्यांना सरसकट अर्धपोकळ म्हणून मोकळा होतो.

मग ठोकळ्याची चांगली की पोकळ चांगली? दोन थोर वादकांची उदाहरणे पाहा.

बी. बी. किंग यांचा जन्म १९२५ साली मिसिसिपी राज्यातला. लहानपणी त्यांनी कापूस वेचला, तरुणपणी शेतावर ट्रॅक्टर चालवला. १९४९ च्या हिवाळ्यात अर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट या गावी ते एका नाचघरात वाजवत होते. उबेसाठी पिंपात रॉकेल पेटवले होते. दोघांची मारामारी झाली, पिंप कलंडले आणि घराला आग लागली. किंग बाहेर पडले आणि आठवण झाली, गिटार आतच राहिली! ते जळत्या घरात परत शिरले आणि जिवावरचे संकट झेलून तिला घेऊन आले. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून झाले असे दुसऱ्या दिवशी कळले. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यांनी आपल्या गिटारीचे नाव ल्युसिल ठेवले आणि पुढची प्रत्येक गिटार ल्युसिलच झाली. हे किंग मुख्यतः ३५५ वाजवत, म्हणजे ठोकळ्याची. मोठ्या सभागृहांत, मोठ्या आवाजात एकेक सूर लांबवायचा ही त्यांची शैली. त्यांना ठोकळाही पुरेना. उरलीसुरली शिट्टी थांबावी म्हणून ते अंगावरच्या फटींत चिंध्या कोंबत. अखेर १९८० साली गिब्सनने त्यांच्यासाठी फटी नसलेलीच ल्युसिल काढली.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या बीटल्स या चौघांचे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६४ साली पूर्ण पोकळ कॅसिनो घेतली. ती पाहून १९६६ साली जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनीही घेतल्या. १९६८ साली लेनन यांनी आपल्या कॅसिनोचा रंग खरवडून लाकूड उघडे केले; त्यामुळे गिटार अधिक मोकळी वाजते असे त्यांचे मत होते. ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या गच्चीवर या चौघांचे अखेरचे जाहीर वादन झाले, तेव्हा लेनन यांच्या गळ्यात तीच उघड्या लाकडाची कॅसिनो होती. त्यांना पोकळ गिटारीचा खरखरीत, मोकळा आवाज हवा होता आणि क्वचित शिट्टीही ते कौशल्याने सुरात वापरून घेत.

पाहा, एकाने फटीसुद्धा बुजवल्या, दुसऱ्याने रंगसुद्धा काढून टाकला. दोघेही आपापल्या जागी बरोबर! तेव्हा 'सर्वांत चांगली गिटार कोणती' हा प्रश्नच अपुरा आहे. 'मी कुठे वाजवणार, किती मोठ्याने वाजवणार आणि काय वाजवणार' हा पुरा प्रश्न. घरात, लहान खोलीत, गाण्याच्या साथीला मंद वाजवायचे असेल तर पूर्ण पोकळ गिटार गोड लागेल; तारा जोडल्या नाहीत तरी ती थोडीफार ऐकू येते. ढोल-ताशा, कीबोर्ड आणि मोठे कर्णे असलेल्या ऑर्केस्ट्रात बसायचे असेल तर ठोकळ्याची बरी.

हे एकदा ठरले की दुकानात पारख कशी करायची ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, पोटात पाहा. हातबॅटरी न्या. एका फटीतून उजेड पाडा आणि दुसऱ्या फटीतून डोकवा. उजेड आरपार आला तर गिटार पोकळ; मध्ये लाकडाची भिंत लागून उजेड अडला तर ठोकळ्याची. काही बनावटींत ठोकळा फक्त घोडीखाली तुकड्यापुरता असतो, तोही अशाने कळतो. वजनावरूनही अंदाज येतो. ठोकळ्याची गिटार साधारण साडेतीन ते चार किलोंची असते, पोकळ तीन किलोंच्या आसपास. दोन-तीन तास गळ्यात अडकवून उभे राहायचे असेल तर हा फरक खांद्याला कळतो.

दुसरी गोष्ट, दांडी पाहा. सुतार फळीची कड डोळ्यापुढे धरून बाक पाहतो, तशी दांडी वरच्या टोकाकडून पाहा. किंचित खोल बाक चालतो, पीळ चालत नाही. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, ती फिरवून बाक दुरुस्त करता येतो. पीळ मात्र सहसा जात नाही. मग सहाही तारांवर एकेका पडद्यावर बोट ठेवून वाजवा. कुठे तार खरखरते का, कुठे सूर मुका होतो का, ते पाहा. दांडी अंगाला कोणत्या पडद्यापाशी मिळते हेही पाहा. जुन्या ३३५ मध्ये ती एकोणिसाव्या पडद्याशी मिळते, ३३० मध्ये सोळाव्याशी. वरच्या सप्तकात बोटे नेणाऱ्याला हा तीन पडद्यांचा फरक मोठा असतो.

तिसरी गोष्ट, सुराची परीक्षा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे तारेला नुसता हलका स्पर्श करून वाजवलेला सूर आणि त्याच पडद्यावर दाबून वाजवलेला सूर एकच आला पाहिजे. थोडा फरक असेल तर घोडी सरकवून तो काढता येतो. दुकानदाराला तिथेच काढून द्यायला सांगा. आपला कान तंबोऱ्यावर तयार झालेला असेल तर ही परीक्षा तुम्ही कुणाहूनही चांगली घ्याल.

चौथी गोष्ट, वीज जोडून परीक्षा. ज्या आवाजात तुम्ही खरोखर वाजवणार त्या आवाजात वाजवा. कर्ण्यासमोर उभे राहा आणि आवाज हळूहळू वाढवा. शिट्टी कधी सुरू होते ते पाहा. प्रत्येक कळ फिरवा, वायर खुपसायचे भोक हलवून पाहा. यात कुचराई नको. कारण भरीव गिटारीला मागून झाकण असते, ते उघडले की आतली जोडणी हाती येते. या जातीत मात्र बहुधा झाकणच नसते. सारे सामान त्या अरुंद फटीतून दोऱ्याने ओढून काढावे लागते आणि तसेच परत बसवावे लागते. गावाकडे हे काम करणारा कारागीर मिळणे कठीण.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गिटारीकडे पाठ करून बसा. सोबत्याला सांगा, "तिन्ही गिटारींवर तीच चाल वाजव; कोणती आहे ते सांगू नकोस." कागदावर फक्त एक, दोन, तीन लिहा आणि आवडीची खूण करा. असे दोन-तीनदा क्रम बदलून करा. कुणाला महागडी आवडेल, कुणाला स्वस्तातली आवडेल. महागडी आवडली आणि परवडत असली तर खुशाल घ्या. स्वस्तातली आवडली तर उरलेल्या पैशाचा आनंद माना. डोळ्यांनी ऐकण्याच्या सवयीवर इतका सोपा उतारा दुसरा नाही.

आता नावाविषयी. अमेरिकेत बनलेली गिब्सन महाग असते. त्या किमतीत तिथली मजुरी आहे, निवडक लाकूड आहे, हाताचे काम आहे आणि नावाचा मानही आहे. एपिफोनच्या नावाने त्याच घडणीच्या पुष्कळ स्वस्त गिटारी चीनमध्ये तयार होतात. जपानच्या आयबानेझ आणि यामाहा या कंपन्याही या जातीच्या गिटारी काढत आल्या आहेत, आणि त्यांतल्या काही व्यवसायी वादकांनी आवडीने वाजवल्या आहेत. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ असे समजू नये. उलट फार मोठे नाव फार थोड्या पैशात मिळत असेल तर सावध व्हावे; नामांकित गिटारींची नक्कल करून खोटे नाव डकवलेला मालही बाजारात फिरतो. एरिक क्लॅप्टन यांची १९६४ सालची लाल ३३५ गिटार २००४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात साडेआठ लाख डॉलरच्या आसपास गेली. ती किंमत लाकडाची नव्हे, सुराचीही नव्हे. ती इतिहासाची किंमत होती. आपण विद्यार्थ्यासाठी वाद्य घेतो आहोत, इतिहास नव्हे.

लाकडाचा विषय निघाला म्हणून सांगतो. या परदेशी वाद्यात आपल्या रानाचाही वाटा आहे. गिटारीच्या दांडीवर बोटे ठेवायची जी पट्टी असते, तिला पूर्वी ब्राझीलचे शिसव लागे. ते झाड दुर्मिळ झाले आणि १९९२ साली त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. त्याच्या आधीपासूनच कारखाने आपल्याकडच्या शिसवीकडे वळले होते. अलीकडे एपिफोनच्या काही गिटारींवर जी पट्टी असते तिला ते 'इंडियन लॉरेल' म्हणतात. हे झाड म्हणजे सह्याद्रीच्या रानातला आपला ऐन! परदेशी नाव वाचून दबून जाऊ नये, ते यासाठीही.

हवामानाचाही विचार हवा. कोकणात पावसाळ्यात दारे फुगतात आणि विदर्भात उन्हाळ्यात चौकटी आक्रसतात; गिटारीचेही तसेच आहे. सुदैवाने या जातीचे अंग पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेले असते, म्हणून ते अखंड लाकडाच्या गिटारीपेक्षा हवेचा मार बरा सोसते. दांडी मात्र ऋतूप्रमाणे हलते. तेव्हा गिटार ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पत्र्याखाली तापवू नये, पेटीत ठेवावी आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात. घामाने आणि खाऱ्या हवेने पोलादाला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

शेवटी हिशेबाची गोष्ट. पुष्कळजण सारी पुंजी गिटारीवर घालतात आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळेल तो घेतात. हे बी उत्तम आणि जमीन खडकाळ, असे झाले. इलेक्ट्रिक गिटारीचा अर्धा आवाज अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्ण्यात असतो. म्हणून आधी एकूण रक्कम ठरवावी आणि तीतून अ‍ॅम्प्लिफायर, पेटी, जादा तारांचा संच आणि एकदा कारागिराकडून गिटार नीट लावून घेण्याचा खर्च वेगळा काढावा. उरेल ती गिटारीची किंमत. आणि मुलाने अजून गिटार हातातच धरली नसेल, तर पहिली दोन वर्षे साध्या, वीज नसलेल्या गिटारीवर काढायला काहीच हरकत नाही. बोटे पिकली, कान तयार झाला, की कोणती गिटार हवी हे तो स्वतःच सांगेल.

शिक्षकांना आणि पालकांना मला एवढेच सुचवायचे आहे. मूल गिटार मागते तेव्हा 'हे थेर कशाला' म्हणून झिडकारू नका, आणि 'सर्वांत महाग ती आण' असेही म्हणू नका. त्याला बरोबर घ्या, बॅटरी घ्या, कागद-पेन्सिल घ्या आणि निवडीचे काम त्यालाच करायला लावा. पोटात काय आहे ते पाहायचे, दांडी सरळ आहे का ते पाहायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि नाव सगळ्यात शेवटी वाचायचे, ही सवय त्याला एकदा लागली म्हणजे ती गिटारीपुरती राहत नाही. बियाणे घेताना, बैल घेताना, पुढे आयुष्यात माणूस पारखतानाही ती त्याच्या उपयोगी पडते.